व्हल्कनची क्विझ आणि कर्कचं मधलं नाव

कॅनडातल्या कॅलगरीहून दक्षिणेला गाडी काढली की तासा-दीड तासात व्हल्कन नावाचं गाव येतं. रस्ताभर दोन्ही बाजूंना नुसतं सपाट, जुलै असल्यामुळे कॅनोला पिवळाधम्मक फुललेला, आणि मग अचानक रस्त्याकडेला उंचावर बसवलेलं स्पेसशिप! गाव तसं छोटं, दोन हजारांच्या आसपास वस्ती, मूळचं धान्याचं. स्टार ट्रेक या अंतराळातल्या टीव्ही मालिकेशी नावाचा काहीच संबंध नाही, रेल्वेच्या सर्वेअरने रोमन अग्निदेवाचं नाव ठेवलं होतं, तेही मालिकेच्या कितीतरी वर्षं आधी. पण मालिकेतल्या स्पॉकच्या ग्रहाचं नाव नेमकं तेच निघालं आणि गावाने ती संधी सोडली नाही.

स्पेसशिपवर एफएक्स६-१९९५-ए असं लिहिलंय. फोटोच्या लाईनीत माझ्यापुढे लाल शर्टातले एक काका होते (मालिकेत लाल शर्टवाला एपिसोड संपेपर्यंत जगत नाही हे माहीत असूनही लोक तोच शर्ट घालून येतात, कमाल आहे), त्यांनी ओळखदेख नसताना मागे वळून विचारलं, "एफएक्स६ म्हणजे काय, सांगा बघू?" मग स्वतःच सांगितलं, गावच्या विमानतळाचा कोड, आणि १९९५ हे जहाज उभं केलं ते वर्ष. म्हणजे स्टार ट्रेकची क्विझ दुपारी हॉलमध्ये होती, पण सुरू इथेच झाली.

पहिला राऊंड सोप्पा. एंटरप्राइज या मालिकेतल्या जहाजाचा नंबर, स्पॉकचं रक्त हिरवं का (लोखंडाऐवजी तांबं), असलं सगळं. पोरंटोरं पण धडाधड लिहीत होती. मग प्रश्न आला, मालिका टीव्हीवर पहिल्यांदा कधी लागली? आमच्या टेबलाने ८ सप्टेंबर १९६६ लिहिलं, क्विझमास्तरच्या कागदावरही तेच. तर मागच्या टेबलावरच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, ती तारीख अमेरिकेची, इथे सीटीव्ही चॅनेलवर ६ तारखेलाच लागली होती, आणि आत्ता आपण बसलोय कुठे? हॉलमध्ये नुसता दंगा! खरं तर आजींचं बरोबरच होतं, कॅनडात दोन दिवस आधीच दाखवली होती. शेवटी दोन्ही उत्तरांना मार्क दिले, त्यावर पण दोन टेबलं नाराज.

पण सगळ्यात मजा आली ती जहाजाच्या कॅप्टनच्या, म्हणजे कर्कच्या मधल्या नावाला. टायबेरियस, हे कोणीही झोपेतून उठून सांगेल. एका टीमने मात्र नुसतं 'आर' लिहिलं होतं आणि त्यांचा मुद्दा पक्का होता. दुसऱ्या पायलटमध्ये (पायलट म्हणजे मालिकेआधी चाचणीसाठी केलेला एपिसोड) कर्कचा मित्र त्याच्यासाठी थडगं तयार करतो, त्या दगडावर स्पष्ट 'जेम्स आर. कर्क' कोरलंय. टायबेरियस हे स्क्रीनवर आलं १९७४ साली, ते पण कार्टून मालिकेत, आणि सिनेमात यायला १९९१ उजाडलं. मग कार्टून धरायचं की नाही यावर जी जुंपली, की चहाचा ब्रेक त्यातच गेला. मला तरी अशी भांडणं उत्तरांपेक्षा जास्त आवडतात, कारण उत्तर पाठ करता येतं, पण त्यावर भांडायला एपिसोड बारकाईने बघितलेला लागतो.

त्याचा नमुना लगेच दिसला. जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी, त्याच्या उजव्या हातात काय कमी आहे? बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने मधलं बोट दुमडून हात वर केला आणि सांगायला लागला, स्कॉटी झालेले जेम्स डूहान व्हँकुव्हरचे, कॅनडाच्या सैन्यात होते, १९४४ च्या नॉर्मंडीच्या लढाईत गोळ्या लागून बोट गेलं, शूटिंगमध्ये ते शक्यतो हात लपवायचे पण ट्रिबल्सवाल्या एपिसोडमध्ये हातात ट्रिबल्स (केसाळ गोळ्यांसारखे प्राणी) असताना नीट बघा, कळतं. इतकं कोणी विचारलं नव्हतं, पण थांबवलं कोणीच नाही.

आजींची टीम जिंकली. संध्याकाळी गावातल्या स्पॉकच्या पुतळ्यापाशी गेलो, स्पॉक झालेले लिओनार्ड निमॉय २०१० मध्ये स्वतः इथे येऊन गेले होते. तिथे 'आर'वाली टीम आणि लाल शर्टवाले काका आधीच हजर, आणि वाद आता एपिसोड एकूण ७९ की ८० यावर आलेला, म्हणजे त्या वेळी न दाखवलेला पहिला पायलट मोजायचा की नाही. काकांनी मला बघितलं आणि हाक मारली, "या या, आम्हाला एक मत कमी पडतंय."