एक तोडलं तर दहा लावू

“एक तोडलं तर दहा लावू की!” देवळाच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीत काल एक काका सहज बोलून गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवराईतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, झाडं विकली की खर्चाचा मेळ बसत होता.

माझ्या डोळ्यांसमोरून मात्र राईतला तो जुना बेहडा हलेना. दोघांच्या कवेत न मावणारा, अंगावर गारंबीची जाडजूड वेल, आणि वर उंचावर खोडातली ती पोकळ ढोली. धनेश पक्ष्याची मादी तिच्यात शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, बाहेर फक्त चोच निघेल एवढी फट ठेवते. नर तिथूनच तिला आणि पिल्लाला भरवतो. एवढी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आपल्या दहा रोपांत ती कधी होणार?

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक होता. देवाचा धाक होता, म्हणून झाडं राहिली. आता देवाच्याच नावाने ती पाडायची?

देऊळ साधं राहिलं तरी चालेल, हे मी पुढच्या बैठकीत उभं राहून सांगणार आहे. तुमच्या गावच्या राईत जुनी झाडं अजून उभी आहेत का?