आमची वाटचाल: गुरुवारची लाईट आणि तीन डबे

आमचं ऑफिस पुण्यात, नऱ्ह्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या वन-बीएचके फ्लॅटमध्ये. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, जिथं एरवी गॅसचं सिलिंडर असतं, तिथं आमची सर्व्हर रूम. नवा ग्राहक ती बघून जरा गप्पच होतो. मग त्याच ओट्यावर चहा होतो आणि गाडी रुळावर येते.

सुरुवात २०१६ ची. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना बिलिंगचं सॉफ्टवेअर द्यायचो. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि आम्हाला तारलं ते जॉबवर्कच्या चलनांनी, म्हणजे कामासाठी बाहेर पाठवलेल्या मालाच्या कागदांनी. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि कर मालकाच्या गळ्यात पडतो. आमच्याकडे दहा महिने झालेलं चलन पडद्यावर लाल दिसतं. बाकी आम्ही काय काय बनवलं ते कुणाच्या लक्षात नाही, ‘ते लालवालं’ म्हणूनच आम्हाला ओळखतात.

प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी, कारण प्रत्येकाला चलनाचा नमुना आपल्याच पद्धतीचा हवा. चाळीस प्रती एकाच मशीनवर. एकासाठी काही अपडेट केलं की दुसऱ्याची प्रिंट बिघडायची. डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरने हा त्रास मिटवला, प्रत्येक प्रत आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे तिला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट वेगळ्या पेटीत गेली. पण कंटेनर पडला तर उठवायचा कुणी? रात्री अकराला फोन यायचा आणि मी उठवायचो.

यावरचं औषध म्हणजे कुबरनेटीज, कंटेनरांवर लक्ष ठेवणारं आणि पडलेले उठवणारं सॉफ्टवेअर, २०१४ मध्ये गूगलने खुलं केलेलं. आम्ही ते जुन्या मशीनवर चढवून पाहिलं. घर दोन खोल्यांचं आणि वॉचमन चार, अशी गत झाली. निम्मी रॅम त्याच्या स्वतःच्याच कारभारात जायची.

२०२१ मध्ये भाचा कंपनीत आला आणि त्याने के-थ्री-एस आणलं, कुबरनेटीजचंच हलकं रूप. नावात गंमत आहे. कुबरनेटीज इंग्रजीत दहा अक्षरी, म्हणून त्याला के-एट-एस म्हणतात, मधली आठ अक्षरं गाळून. हे त्याच्या निम्म्या वजनाचं, म्हणजे पाच अक्षरी, मधली तीन गाळलेलं. शंभर एमबीच्या आतली एकच फाईल, त्यातच कंटेनर चालवणारं कंटेनरडी, नेटवर्कसाठी फ्लॅनेल. बाहेरून आलेली विनंती योग्य ठिकाणी पोचवणारं ट्रॅफिक नावाचं सॉफ्टवेअरही सोबतच बसतं. सेकंडहँड छोटे डेस्कटॉप घेतले, आठ जीबी रॅमचे, त्यांवर उबुंटू टाकलं. स्विच आणि केबल तपकीर गल्लीतून. मी दोनच डबे घेणार होतो.

“मामा, दोघांत बहुमत कसं मोजणार?” भाचा म्हणाला.

बरोबर होतं. क्लस्टरची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या डब्यांच्या गटाची, वही ईटीसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असते आणि तिच्यात नोंद व्हायला निम्म्याहून जास्त डबे जागे लागतात. दोनातला एक गेला की उरलेल्याला एकट्याने काही ठरवता येत नाही. तीनातला एक गेला तर दोघं कारभार चालवतात. तिसरा डबा घेतला.

पहिल्यावर क्लस्टर सुरू केलं, त्याचं टोकन, म्हणजे सामील व्हायचा परवलीचा शब्द, दुसऱ्या-तिसऱ्याला दिलं. अर्ध्या तासात तिन्ही ‘रेडी’. पुढचे दोन दिवस मात्र डोकं फिरायची वेळ आली. साइट एकदा उघडायची, एकदा नाही. केबल बदलल्या, स्विच बदलला. शेवटी कळलं, फायरवॉलमध्ये ६४४३ आणि ईटीसीडीची २३७९, २३८० ही पोर्टं, म्हणजे ये-जा करायची दारं, उघडली होती, म्हणून डबे एकमेकांना हजर दिसत होते. पण कंटेनरांची आपसातली ये-जा ८४७२ या यूडीपी पोर्टवरून होते आणि ते बंद होतं. एका ओळीचं काम.

मग परीक्षा म्हणून एका डब्याची वायर उपटली. मिनिटाभरात तो ‘नॉट रेडी’ झाला, त्यावरचे कंटेनर मात्र हलेनात. आम्ही चहा विसरून पडद्याकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी ते दुसऱ्या डब्यांवर उठले. डबा खरंच गेला की नुसती डुलकी लागली, हे बघायला क्लस्टर तेवढा वेळ मुद्दाम थांबतं. हे आधी वाचलं असतं तर चहा गार झाला नसता.

ग्राहकांचा डेटाबेस मी क्लस्टरमध्ये ठेवला नाही, अजूनही ठेवत नाही. के-थ्री-एससोबत साठवणीची जी सोय येते ती डेटा एकाच डब्याच्या डिस्कवर ठेवते. तो डबा गेला की डेटा त्याच्याबरोबर अडकला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो वेगळ्या मशीनवर, रोज रात्री बॅकअप. भाच्याला हे जुनाट वाटतं. वाटू दे.

आता गुरुवार. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते ती बहुधा गुरुवारी. भोसरीची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच, त्यामुळे कुणाची तक्रार नसायची. मग रविवारी सुट्टी घेणारे दोन ग्राहक पुण्याबाहेरचे आले आणि २०२२ मध्ये आम्ही लिथियम बॅटरीचा इन्व्हर्टर बसवला. तिन्ही डबे वर्षभर एकदाही बंद पडले नाहीत. मी येईल त्याला कौतुकाने दाखवायचो.

एका सकाळी भाच्याने अपडेट टाकायला घेतलं आणि क्लस्टरने ओळख द्यायला नकार दिला. सर्टिफिकेटची, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरायच्या ओळखपत्राची, मुदत संपलेली. ग्राहकांची बिलं निघत होती, पण आम्हीच आमच्या घराबाहेर. के-थ्री-एसची ही सर्टिफिकेटं ३६५ दिवसांची असतात. आमच्या आवृत्तीत ९० दिवसांहून कमी उरले असताना सर्व्हिस रीस्टार्ट झाली की ती आपोआप नवी होत. म्हणजे आधी हे काम गुरुवारच्या लाईटने फुकटात केलं असतं. रीस्टार्ट केलं, तरी माझा लॅपटॉप रुसलेलाच. त्यावरच्या फाईलमध्ये जुनंच सर्टिफिकेट होतं. ती सर्व्हरवरून पुन्हा उतरवून घेतल्यावर दार उघडलं.

त्याच दुपारी भाच्याने आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आमच्याच नावाने एक चलन काढलं. माल: सर्टिफिकेट. नग: तीन. परतीची मुदत: एक वर्ष. दहा महिने झाले की ते लाल होतं आणि पुढच्या गुरुवारी मी एकेक डबा रीस्टार्ट करतो.