४५० चा फरक

परदेशातल्या या नोकरीत आज पहिल्यांदा अख्खं बँक रिकन्सिलिएशन (आपल्या वहीतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) माझ्या हातात दिलं. पदवीचं मूल्यांकन, काही पेपरांना सूट, बाकीचे पुन्हा द्यायचे... यात इतके महिने गेले की आपल्याला काही येतं यावरचा विश्वासच डळमळला होता. नियमही वेगळे. यूएस गॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाच्या नियमांत, चालणारी लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरणारी) मी शिकलेल्या आयएफआरएसमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत, चालतच नाही!

दुपारभर ४५० चा फरक सुटेना. मग नऊने भागून पाहिलं. नि:शेष भाग गेला. म्हणजे कुठेतरी अंक उलटे पडले असणार (हे कॉलेजात सरांनी घोटून घेतलेलं). एक-एक नोंद पुन्हा तपासली. एका चेकचे १,७२० चुकून १,२७० लिहिले होते.

सर, आज तुमची फार आठवण आली.