माळ्यावरच्या कॅसेटमधली मालिका

लहानपणची घरगुती विनोदी मालिका आता ऑनलाइन सापडते, पण पुष्कळदा कापलेली. जुन्या टीव्हीचं ४:३ आकाराचं चित्र आजच्या रुंद १६:९ पडद्यात बसवताना वरचा-खालचा मिळून पाव भाग जातो, आणि टेबलाखाली दडलेलं पात्र नेमकं त्यातच असतं. म्हणून टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली व्हीएचएस कॅसेट हाताशी असेल, तर ती संगणकावर नीट उतरवून घ्यावी.

आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरा. टेपच्या कडेवर पांढरट थर दिसला तर ती बुरशी. तशीच चालवली तर व्हीसीआरच्या (कॅसेट चालवणाऱ्या यंत्राच्या) हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेट चांगली असेल तर लेबलाच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे नि पुन्हा मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण सारखा होतो.

सगळ्या चित्रावर मुंग्या येत असतील तर हेड मळलंय. व्हीसीआरची वायर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) टेकवून धरा आणि ड्रम बोटाने आडवा फिरवा. वर-खाली घासलं तर हेड मोडू शकतं. कानाच्या काड्या नकोत, कापसाचे तंतू अडकतात. मुंग्यांचा फक्त आडवा पट्टा येत असेल तर आधी व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेषेशी जुळवणारं बटण) फिरवून पाहा.

जुन्या टेपचा वेग किंचित डगमगतो. चित्र संगणकात घेणारी स्वस्त कॅप्चर काडी मग फ्रेम (एकेक चित्र) गाळते, आणि विनोद नि हशा यांचा मेळ सुटतो! टाइम बेस करेक्टर (हा डगमगता वेग सावरणारी सोय) असलेला व्हीसीआर मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो. डीव्ही या व्हिडिओ फाइलच्या स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी जागा लागते.

खरी चूक पुढे होते. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर चित्रित झालेल्या मालिकेत, पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात. नाटक समोर चाललंय असं वाटायचं ते यामुळेच. डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डची पूर्ण चित्रं बनवताना, सॉफ्टवेअर गुपचूप २५ फ्रेम करतं आणि हालचालीतली ती सफाई जाते, म्हणून ५० च निवडा. फिल्मवर चित्रित मालिकेला मात्र २५ पुरतात.

मधल्या जाहिराती मूळ फाइलमध्ये राहू द्या. कात्री चालवायची ती प्रतीवर.