नुसत्या भिंतीचे फोटो

"ओ दादा, भिंतीवरचे फोटो सोडून नुसत्या भिंतीचे काय फोटो काढायलाय?"

सोलापुरात भैय्या चौकाजवळच्या डॉ. कोटणीस स्मारकात एका आजोबांनी मला हे विचारलं. मी विचारूनच, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीसमोर गुडघ्यावर बसलो होतो. चौकट तिरकी येऊ नये म्हणून मोबाईल अगदी सरळ धरायचा, बाहेरचं ऊन पांढरंफटक दिसू नये म्हणून उजेडावर बोट दाबून ब्राइटनेस खाली आणायचा. वेळ लागतो याला. आजोबा बघत थांबले.

म्हटलं, "आजोबा, हे त्यांचं घर आहे ना."

त्यांनी भिंतीला तळहात टेकवला. "हां, ते बी खरंय. इथनंच गेलेत की ते."

दिवसभर ते वाक्य डोक्यातनं जाईना. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. ही माहिती, हे फोटो कुठल्याही शहरात लावता येतील. पण ते ज्या घरात वाढले त्या खोलीत ऊन कसं येतं, हे फक्त सोलापुरातच बघायला मिळतं.

आपल्याकडे जुनं घर पाडायच्या आधी सगळे दारात उभे राहून एक फोटो काढतात. माजघर, जिना, दिव्याची देवळी मात्र तशीच जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या जुन्या घराचा आतून काढलेला एखादा फोटो आहे का? असेल तर कमेंटमध्ये टाका ना.