आईचा कोट, साडेतीन पाउंड

थंडीचे कपडे आणू नकोस, इथे बघू, असं मीच आईला फोनवर सांगितलं होतं. चार महिन्यांसाठी पुण्यात जाड कोट घ्यायचा, तो बॅगेत जागा खाणार, आणि परत गेल्यावर घालायचा कुठे? नोव्हेंबरात ती अमेरिकेत, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला उतरली तेव्हा बाहेर पाऊस होता आणि तिच्या अंगावर एक स्वेटर. पुढच्याच शनिवारी मी तिला हिल्सबोरोच्या गुडविल आउटलेटला घेऊन गेले. इथले लोक त्या जागेला नुसतं ‘बिन्स’ म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुडविल ही १९०२ साली बॉस्टनमध्ये एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाने सुरू केलेली संस्था. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू ती विकते आणि त्या पैशातून नोकरी मिळायला अडचण येते अशांना प्रशिक्षण देते. नेहमीच्या दुकानात काही आठवडे विकलं न गेलेलं सामान आउटलेटला येतं. इथे कशावरही किमतीची चिठ्ठी नाही. सगळं दुकानातल्या ढकलगाडीत भरायचं, गाडी वजनकाट्यावर ढकलायची, वजनाचे पैसे द्यायचे. आम्ही गेलो तेव्हा कपड्यांचा दर पाउंडाला दोन डॉलरच्या आसपास होता. काचसामान आणि पुस्तकं यांचा हिशेब बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, दर गावागणिक बदलतात, तेव्हा आत शिरल्यावर आधी पाटी वाचा. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे काट्यावर येईल तेवढंच द्यायचं.

आई दारातच थबकली. “कुणाच्या अंगावरचे उतरलेले कपडे गं. माणूस गेलेलं असेल तर?” मी वाद घातला नाही, कारण ही भावना मला समजते. लहानपणी आमच्याकडे बोहारीण यायची, तेव्हा आई जुन्या साड्या देऊन भांडी घ्यायची. कपडे आपल्या घरातून बाहेर जायचे, बाहेरून आत यायचे नाहीत. मी फक्त एवढंच म्हटलं, “आई, तू हात लावून बघ. नाही पटलं तर निघू.”

आत निळ्या प्लास्टिकच्या लांबट, उथळ, चाकांच्या पेट्या ओळीने लावलेल्या असतात आणि त्यात सगळं एकत्र: बाळाचे मोजे, पडदे, पट्टे, टॉवेल. काही वेळाने कर्मचारी एक पूर्ण ओळ बाहेर नेतात आणि नवी आणतात. त्या वेळी मागे उभं राहायचं. शेवटची पेटी जागेवर लागून इशारा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा नियम फार काटेकोर पाळला जातो. इशारा झाला की माल पुन्हा ऑनलाइन विकणारे सराईत लोक तुटून पडतात. नवख्या माणसाने, विशेषतः वयस्कर कुणी सोबत असेल तर, त्या गर्दीत घुसूच नये. दहा मिनिटं थांबा. त्यांना हवे ते बूट आणि ठरावीक ब्रँड घेऊन ते पुढच्या ओळीकडे जातात, आणि तुमच्या कामाचं बरंच काही मागे राहतं. दुसऱ्याच्या गाडीतल्या वस्तूला मात्र हात लावू नका, ती सोडून दिल्यासारखी दिसली तरी.

मी लेबलं वाचत होते. आई वाचत नव्हती. ती ढिगात हात घालून फक्त पोत बघत होती, बोटांत धरून, हलकं चुरगळून. “हे सगळं नायलॉन. हे लोकर आहे बघ.” ओढून काढला तर गडद हिरवा कोट, आत पेंडलटनचं लेबल. ही ऑरेगनचीच लोकरीची गिरणी, १९०९ पासूनची, आणि नवा कोट आमच्या हिशेबात बसणारा नाही. अस्तर एका जागी उसवलेलं, बाकी कोट धडधाकट. आईने तो तिथेच अंगावर चढवला. इथे कपडे घालून बघायला खोली नसते, म्हणून घरून निघताना अंगाला बसणारा पातळ सदरा घालावा. मग ती म्हणाली, “टाके मी घालते.” दारातला प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

वजनाने घ्यायचं म्हटलं की विचाराची पद्धत बदलते. रेशमी स्कार्फ, पातळ लोकरीचा स्वेटर, पावसाचं जाकीट यांचं वजन नगण्य, म्हणून ते जवळजवळ फुकट पडतं. जीन्स, जाड बूट, बिडाचा तवा यांचा मात्र आधी हिशेब करावा. एक पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. काट्याकडे जाण्याआधी गाडी एका कोपऱ्यात घेऊन एकेक वस्तू उजेडात बघा: चेन वर-खाली करा, काखेतली शिवण, खिसे, बाह्यांची टोकं. घेतलेलं सहसा परत घेत नाहीत. पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं आणि चेन तुटलेली दोन जाकिटं घरी आणली.

हातमोजे न्याच, ढिगात फुटकी काचही असते. मोठ्या पिशव्या घरून न्या. विजेची वस्तू लावून बघायची सोय आहे का ते विचारा, पण भारतात न्यायला घेऊ नका: ती इथल्या १२० व्होल्टची असते. लहान मुलांची कार सीट आणि हेल्मेट जुनं कधीच घेऊ नये, धक्का बसलेला वरून दिसत नाही. एक बाजू खाली सरकणारे जुने पाळणेही नकोत, २०११ पासून त्यांच्या विक्रीला इथे बंदी आहे.

इथूनही उरलेले कपडे गठ्ठे बांधून पुढे विकले जातात. जगभरातल्या अशा जुन्या कपड्यांचे गठ्ठे कांडल्याला उतरतात, आणि पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेट विणतात. पुरात, भूकंपात वाटतात ती बरीचशी याच जातीची. आईला हे सांगितलं तर तिने कोटाची बाही हातात घेतली आणि म्हणाली, “याच्या चिंध्या झाल्या असत्या?”

कोट साडेतीन पाउंड भरला, म्हणजे सात डॉलर. घरी येईपर्यंत सगळं पिशवीत बंद ठेवलं. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर वाळवले. लोकर तशी टाकू नका, आक्रसते. कोट ड्रायक्लीनिंगला दिला. तो परत आला त्या संध्याकाळी आई खिडकीपाशी बसून अस्तराला टाके घालत होती, गडद हिरव्या दोऱ्याने, पुण्याहून आणलेल्या सुयांच्या डबीतून.