एस्प्रेसो मशीनचे सुटे भाग परदेशातून: ड्युटीचा हिशोब आणि एक रबरी रिंग

घरी ई-६१ ग्रुपचं एस्प्रेसो मशीन असेल (ग्रुप म्हणजे मशीनचं कॉफी उतरवणारं तोंड, ई-६१ हा त्याचा एक प्रकार) तर गॅस्केटचा, म्हणजे त्या तोंडातल्या रबरी रिंगेचा, प्रश्न आज ना उद्या येतोच. रबर उष्णतेनं कडक होतं, शॉट ओढताना (कॉफी काढताना) पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या दांड्याच्या, कडेनं पाणी झिरपायला लागतं. गॅस्केटची किंमत तीन-चार युरो आणि जर्मनीतून किंवा इटलीतून पाठवायचा खर्च तीस-पस्तीस. मग माणूस विचार करतो, एवढं भाडं देतोच आहे तर शॉवर स्क्रीन (ग्रुपमधली पाणी पसरवणारी जाळी) घेऊ, पंपही घेऊन ठेवू. चुका इथूनच सुरू होतात.

आधी माप. ई-६१ चं गॅस्केट साधारण ७३ मिमी बाहेरचा व्यास, ५७ मिमी आतला, पण जाडी तीन प्रकारची मिळते: ८, ८.५ आणि ९ मिमी. जुनं काढून व्हर्नियर लावलं तर जाडी कमीच दिसते, कारण ते दाबून दाबून चपटं झालेलं असतं. त्या आकड्यावर ऑर्डर दिली की पातळ गॅस्केट येतं. त्यापेक्षा पोर्टाफिल्टरचं हँडल बघा. घट्ट आवळल्यावर ते घड्याळाच्या सहाच्या जागी, म्हणजे सरळ तुमच्याकडे यायला हवं. पाचाकडे सरकत असेल तर गॅस्केट झिजलंय, नाहीतर मुळातच पातळ आहे. नवं गॅस्केट बसवूनही पाचावरच जात असेल तर पुढची जाडी घ्या. शंका असेल तर ८ आणि ८.५ दोन्ही मागवा. चार युरोंसाठी दुसरं पार्सल मागवण्याला काही अर्थ नाही.

पंपाचं जास्त सांभाळा. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा उल्का कंपनीचा व्हायब्रेशन पंप असतो. त्याच्या ईपी५ आणि ईएक्स५ या मॉडेलांमध्ये मुख्य फरक तोंडाचा: ईपी५ ला प्लॅस्टिकचं, ईएक्स५ ला पितळेचं. दोन्ही २३० व्होल्ट ५० हर्ट्झ आणि १२० व्होल्ट ६० हर्ट्झ अशा दोन अवतारांत मिळतात आणि फोटोत सारखेच दिसतात. अमेरिकी दुकानातून स्वस्त पडतो म्हणून घेतलेला पंप १२० चा निघाला तर आपल्या लाइनवर कॉइल जळणार. लेबलचा फोटो मागवल्याशिवाय पैसे भरू नका. तापवणाऱ्या कॉइलला आणि सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणाऱ्या) व्हॉल्व्हलाही हेच लागू.

जे पुण्यात मिळतं ते मागवूच नका. ओ-रिंग आतला व्यास आणि जाडी सांगितली की सीलच्या दुकानात मिळते. फक्त 'काळी रबरी' म्हणून घेऊ नका. एनबीआर हा रबराचा प्रकार तेलासाठी ठीक, वाफेसाठी नाही. गरम पाण्याला ईपीडीएम किंवा सिलिकॉन मागा, आणि फूड ग्रेड आहे का ते विचारा. ईपीडीएमला मिनरल ऑइलचं ग्रीस लावलं की ते फुगतं, तिथे फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसच हवं. स्विच, वायर, उष्णता सोसणारी स्लीव्ह हे सगळं तपकीर गल्लीत शोधा.

आता बिल. युरोपातल्या दुकानाच्या साइटवरची किंमत त्यांच्या व्हॅटसकट असते. जर्मनीत तो १९ टक्के. माल युरोपाबाहेर जाणार असल्यानं तो तुम्हाला लागू नाही, म्हणजे ११९ युरोचं सामान १०० ला पडायला हवं. पत्त्यात भारत निवडल्यावर किंमत उतरली नाही तर ऑर्डर देण्याआधी दुकानाला मेल टाका. पैसे भरल्यावर परत मागणं म्हणजे नुसता पत्रव्यवहार.

मग कस्टम्स. ड्युटी फक्त सामानाच्या किमतीवर लागत नाही. सामान, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. पण हवाई मालाचं भाडं सामानाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही, हे २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या दहाव्या नियमात आहे. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. छोट्या पार्सलला याचा चांगला उपयोग होतो. उदाहरणच घेऊ: सामान १०० युरो, भाडं ३५. हिशोबात भाडं २० च धरायचं, विमा १.१२५, एकूण १२१.१२५ युरो. सोयीसाठी युरो १०० रुपये धरला तर १२,११२.५० रुपये. (प्रत्यक्षात दर कस्टम्सनं जाहीर केलेला असतो, तुमच्या कार्डाचा नव्हे.) मूळ ड्युटी १० टक्के धरली तर १,२११ रुपये, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार असेल तर आणखी १२१, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), म्हणजे २,४२०. एकूण ३,७५२ रुपये. भाडं पूर्ण ३५ धरलं असतं तर हेच ४,२१७ झाले असते. कुरिअरनं पाठवलेल्या पावतीत भाडं कुठल्या आकड्यानं धरलंय ते पाहायचं ते यासाठी.

कस्टम्सच्या दरपत्रकात वैयक्तिक वापराच्या वस्तूंचं शीर्षक ९८०४. '७७.२८ टक्के ड्युटी लागते' असं अजूनही लोक एकमेकांना सांगतात; तो जुना हिशोब आहे: ३५ टक्के मूळ, ३.५ अधिभार, वर २८ टक्के आयजीएसटी. आयजीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला आणि मूळ दर, जो आधीच ३५ वरून २० वर आला होता, तो २०२६ च्या अर्थसंकल्पात १० वर आणायची घोषणा झाली. मात्र कुरिअरवाले पुष्कळदा प्रत्येक भाग त्याच्या स्वतःच्या एचएसएन कोडवर (वस्तूच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर) टाकतात, तेव्हा दर वेगळा पडतो. म्हणून दुकानाला बिलावर 'स्पेअर पार्ट्स' एवढंच लिहू देऊ नका. 'रबर गॅस्केट, २ नग', 'वॉटर पंप २३० व्होल्ट, १ नग' अशी ओळीओळीनं किंमत मागा. मोघम वर्णनाचं पार्सल खुलाशासाठी अडकतं.

'गिफ्ट लिहून पाठवा' हा सल्ला तर विसराच. डिसेंबर २०१९ पासून पोस्टानं किंवा कुरिअरनं भेट म्हणून ड्युटीविना माल सोडवायला बंदी आहे. अपवाद जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा, आणि तोही फक्त राखीचा, सोबतच्या भेटवस्तूंचा नाही. किंमत कमी लिहिणं हाही शहाणपणा नाही, दुकानाच्या साइटवरची किंमत अधिकाऱ्यालाही दिसते.

कुरिअर केवायसी मागतं, लिंक आली की त्याच दिवशी कागद चढवा, नाहीतर गोदामाचं भाडं सुरू होतं. पार्सलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळू द्या. ड्युटी आगाऊ भरल्याबद्दल कुरिअर स्वतःचं शुल्क लावतं, त्यावर जीएसटी वेगळा. पोस्टाच्या पार्सलला दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं असा नंबर असतो. इथली ड्युटी पोस्टमन दारात घेतो. पोस्ट स्वस्त, पण वेळेचा भरवसा कमी. मशीन बंद पडून बसलं असेल तर कुरिअर, साठ्यासाठी मागवताय तर पोस्ट.

याच दुकानांत कधी कधी व्हेपचे (ई-सिगारेटचे) पॉड आणि कॉइलही दिसतात, 'तेही टाकू का' असं विचारणारे भेटतात. इथे ड्युटीचा प्रश्नच येत नाही. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात बंद आहे, पूर्ण वस्तूची आणि तिच्या कुठल्याही भागाचीही. निकोटिन नसलेलं उपकरणही त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गॅस्केटच्या पार्सलमध्ये एक कॉइल टाकली तर पंपासकट सगळंच अडकेल.

पार्सल आलं की खोका उघडताना व्हिडिओ काढा, पंपाचं लेबल आधी वाचा. गॅस्केटची तिरकी कड असेल तर ती वरच्या बाजूला, ग्रुपकडे, सपाट बाजू पोर्टाफिल्टरकडे. खाचेतला जुना कॉफीचा थर लाकडी काडीनं खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हरनं पितळेवर ओरखडे पडतात. आणि नवं बसून दोन-तीन दिवस गळती नाही ना हे पाहीपर्यंत जुनं गॅस्केट कचऱ्यात टाकू नका.